घोडेपागेतली पाजणी

नोकरीत मी नेमकं काय करत होते, हे माझ्या सुनेला अजून नीट कळलेलं नाही. घरी पाहुणे आले की ती कौतुकानं सांगते, "आई सरकारी जमिनी विकायच्या." पाहुणे लगेच खुर्चीत सावरून बसतात आणि चहा संपायच्या आत एखादा हळूच विचारतो, "मग तुमचा स्वतःचा एखादा प्लॉट असेलच की!" नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार झाला आणि निवृत्तीनंतर मुलानं फ्लॅट घेतला, त्यात मी राहते.

खरं सांगायचं तर मी जमीन विकत नव्हते. विकण्याआधी विचारण्याचं काम माझ्याकडे होतं. सरकारकडे नको झालेल्या जागा पुष्कळ असतात. बंद पडलेला दवाखाना, वापर संपलेलं जकात नाकं, फौजेचा जुना पडाव. अशी जागा विकायची ठरली की आधी कुणीतरी तिथं जाऊन बघायचं असतं. झाडं कसली आहेत, विहिरीला पाणी आहे का, पावसाचं पाणी कुठून येतं नि कुठं जातं, पाऊलवाट कुणाची, सावलीला गुरं कुणाची बसतात. मग जाहीरनामा लावायचा, की सरकार ही जागा विकणार आहे, कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी. हरकती आल्या तर सुनावणी घ्यायची आणि सगळ्याची फाइल बांधून वर पाठवायची. हल्ली या कामाला पर्यावरण, जनसुनावणी अशी भारदस्त नावं आहेत. आमच्या वेळी साहेब एवढंच म्हणायचे, "बाई, जागा बघून या."

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या जमीन शाखेत मी एकटीच बाई. त्यामुळे हरकती लिहून घ्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बाई शांतपणे ऐकून घेते, असा सर्वांचा समज होता. घरी सासूबाईंचा समज वेगळा होता, पण तो इथं नको.

हरकती काय एकेक यायच्या! मंगळवेढ्याचे एक आजोबा सकाळच्या एसटीनं आले, घाम पुसत टेबलासमोर बसले. त्यांच्या घरापुढची सरकारी पडीक जागा निघाली होती.

"तुमची हरकत काय, आजोबा?"

"जेवून वट्ट्यावर बसलो की समोर मोकळं दिसतंय. नजर लांब गेली की अन्न पचतंय. तितं भिंत आली तर मी काय भितीकडं बघत बसू व्हय?"

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. शाखेतले सगळे पोट धरून हसले. आता माझ्या गॅलरीसमोर पाच मजली इमारत आली आहे आणि दुपारी जेवल्यावर मला आजोबांची फार आठवण येते. दुसरे एक गृहस्थ वळसंगकडून आले होते. त्यांची जागेला हरकत नव्हतीच. "हिरीत भूत हाय, एवढं घेणाऱ्याला आदी सांगा. नंतर गावाला बोल नको," इतकंच म्हणणं. तेही लिहून घेतलं.

पण सांगायची आहे ती घोडेपागेची गोष्ट.

शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीला लागून, पोलिसांच्या घोड्यांची जुनी पागा होती. घोडे कधीच गेले होते. तबेल्याचे दगड लोकांनी आपापल्या पायऱ्यांना नेऊन लावले होते. राहिली होती ती नुसती लांबरुंद मोकळी जागा आणि तिच्या एका कडेनं कडुनिंबाच्या दोन सरळ रांगा. घोडे फिरवायला म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं लावलेल्या. कागदोपत्री या जागेचं वर्णन एका शब्दात होतं, "पडीक".

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नको असलेल्या जागा विकून टाका, असा वरून तगादा होता. घोडेपागेचा नंबर लागला. डाळीचे व्यापारी चनबसप्पा शेठ यांनी तिथं सिनेमा थिएटर बांधायचा मनसुबा आधीच गावभर सांगून ठेवला होता. लिलाव झाला तर बोली त्यांचीच मोठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मौलाचाचा, आमचे शिपाई, जागेवर जाहीरनामा डकवून आले. मुदत संपली. एकही हरकत आली नाही.

आमचे नायब तहसीलदार इनामदारसाहेब कमालीचे नियमाचे माणूस. उंच, सडसडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. कुणाच्या भल्याबुऱ्याचा विचार आपण करायचा नसतो, नियम तो करतो, अशी त्यांची श्रद्धा. ते म्हणाले, "हरकत निरंक. मोजणीदार मुलीच्या लग्नाच्या गडबडीत, म्हणून आधीची स्थळपाहणी राहून गेलीय, ती तुम्हीच करून या बाई. उद्या फाइल वर जाऊ दे."

मार्चचं ऊन, म्हणून मी सकाळी लवकर निघाले. सात रस्त्याच्या चौकात मौलाचाचा नकाशाची गुंडाळी घेऊन उभे होते. आम्ही पागेत शिरलो आणि मी दोन पावलं टाकली न टाकली तोच चारी बाजूंनी ओरडा झाला.

"छत्री! छत्री मिटा! पुढं येऊ नका!"

मी जागच्या जागी थिजले. समोर निंबाच्या दोन रांगांच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर जांभळं सूत ताणलेलं होतं. हजारो धागे शेजारी शेजारी, मधे मधे आडव्या काठ्या सारलेले, बांबूंच्या कैच्यांवर तोललेले. माझ्या छत्रीची काडी त्यापासून वीतभर अंतरावर होती. दोन्ही बाजूंनी बाया नि पुरुष लांब केसांचे कुंचे घेऊन सुतावरून फिरवत चालले होते, या टोकाहून त्या टोकाला, परत या टोकाला. हवेला ओल्या पिठाचा वास होता.

सोलापुरात जन्म जाऊनही मी चादर वापरण्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. ती पाजणी होती. मागावर चढवण्याआधी उभ्या सुताला पिठाची खळ पाजावी लागते, नाहीतर ते विणताना पटापट तुटतं. खळ लावली की ती वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहायचं, म्हणजे धाग्याला धागा चिकटत नाही. उन्हात केलं तर सूत कडक होतं, वाऱ्यात केलं तर गुंततं. त्यासाठी लांबच लांब, सरळ आणि सावलीची जागा लागते. अशी जागा त्या सबंध वस्तीत एकच होती.

हे मला समजावून सांगितलं नरसम्मानं. पन्नाशीची, काटक बाई, लुगडं घट्ट खोचलेलं, हात कोपरापर्यंत खळीनं पांढरे. बोलताना एकदाही कुंचा थांबला नाही. मी तिच्या बरोबरीनं चालत होते.

"किती वर्षं येता इथं?"

"माजं लगीन होऊन आले तवा घोडे होते की. घोडे हिकडं, आमी तिकडं. मग घोडे गेले."

"आणि जाहीरनामा वाचला नाहीत का कुणी? झाडाला लावला होता."

"कसला कागद?"

मौलाचाचा तरातरा पुढं झाले आणि एका खोडापाशी उभे राहिले. खोडावर वाळलेल्या खळीचा चौकोन होता. कागद नव्हता. "यहींच चिपकाया था बाई, अल्ला कसम! मेरे हाथां से!"

नरसम्मा हसायला लागली. तिच्यामागून रांगेतल्या सगळ्याच बाया. "त्यो कागद व्हय? आवं त्यो वीरम्माच्या शेळीनं खाल्ला! खळीनं चिकटवला व्हता न्हवं? शेळीला खळ लई आवडती. आमचं सूत बी तिच्यापासनं राखावं लागतंय."

शेळी तिथंच बांधलेली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

मग मला सांगावं लागलं की कागदात काय होतं. सरकारला ही जागा नको आहे, लिलाव होणार आहे. हसणं थांबलं. हात मात्र चालूच राहिले, कारण खळ कुणासाठी थांबत नाही.

"कोन घेनार?" नरसम्मानं विचारलं.

"ते लिलावात ठरेल. थिएटर होईल असं कानावर आहे."

"थेटर?" मागून एक कोवळी सून उसळून म्हणाली. "हितं? आमच्या दाराम्होरं?" तिचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. आणखी दोघीतिघींचे कुंचे जोरात चालायला लागले. कुठले पिक्चर लागतील, बायांना वेगळी रांग असेल का, इथपर्यंत गोष्टी गेल्या. नरसम्मा ते सगळं ऐकून घेत टोकापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "आन् पाजणी?"

कुंचे पुन्हा संथ चालायला लागले.

"तुम्ही हरकत द्या," मी म्हणाले.

"हरकत म्हंजे?"

"म्हणजे तुमची अडचण सांगा. सरकार विचारतंय."

चिकटलेले दोन धागे बोटानं सोडवत ती म्हणाली, "आमाला काय अडचन न्हाय, अक्का. जागा सरकारची. आमीच सरकारची अडचन हाय."

परत येताना मौलाचाचा सबंध रस्ता शेळीला शिव्या घालत होते. मी मात्र साहेबांना काय सांगायचं याच्या विचारात होते. हरकती घेणं माझं काम होतं. लोकांना हरकत द्यायला सांगणं माझं काम नव्हतं, आणि ते मी करून आले होते.

"झाली पाहणी?" साहेबांनी विचारलं. "मग, निरंकच ना?"

"साहेब, जाहीरनामा शेळीनं खाल्ला."

साहेबांनी चष्मा काढला. मी पाजणीचं, सावलीचं, सुताचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "बाई, ते राहू द्या. जाहीरनामा मुदतभर जागेवर होता की नव्हता?"

"नव्हता."

"मग प्रसिद्धीच झाली नाही. पुन्हा करा."

इतकं सोपं होतं! मी दोन तास मनात भाषण जुळवत होते आणि साहेबांनी ते एका वाक्यात मिटवलं. पण त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं, हे दुपारी कळलं. वरच्या ऑफिसातून फोन आला. घोडेपागेची फाइल कुठं अडली? साहेब फोनवर बोलताना नेहमी उभे राहायचे. उभ्या उभ्या त्यांनी पुष्कळदा "होय सर" म्हटलं, एकदा "नाही सर" म्हटलं, फोन ठेवला, कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "दवंडीसुद्धा द्या. तेलुगूत द्या. सुनावणी जागेवरच ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको."

तेलुगूत दवंडी देणार कोण? मौलाचाचांनी छाती पुढं केली. ते त्याच भागात लहानाचे मोठे झालेले. "नक्को फिकर करू बाई, मेरेकू पूरी आती." त्यांनी गल्ल्यागल्ल्यांतून डफडं वाजवून दवंडी दिली. पूरी येत असावी, पण एक शब्द जास्तीचा आला. "सरकार ही जागा विकणार आहे" याऐवजी "सरकार तुम्हाला ही जागा विकणार आहे" असं झालं. आम्हाला हे सुनावणीच्या सकाळी कळलं, जेव्हा सबंध पूर्व भाग पागेत लोटलेला पाहिला. म्हातारे, तान्ही मुलं घेतलेल्या बाया, माग बंद ठेवून आलेले पुरुष. माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली आणि जो तो विचारू लागला, "आमचा वाटा कुटला?"

साहेबांनी एकवार मौलाचाचांकडे पाहिलं. मौलाचाचा डफडं तपासू लागले.

गर्दीची समजूत काढेपर्यंत ऊन वर आलं. तरी कुणी घरी गेलं नाही. इतकी माणसं जमली आहेत तर काहीतरी होणारच, असं त्यांना वाटत होतं. निंबांच्या मधे नरसम्माच्या घरचं सूत ताणलेलं होतंच, या वेळी लाल. सुनावणीसाठी खळ लावायचं थांबवता येत नाही, असा तिनं निरोप पाठवला होता.

चनबसप्पा शेठ आले ते परीटघडीचं धोतर, कोट, टोपी आणि काखेत थिएटरचा नकाशा घेऊन. गोल, हसतमुख माणूस. डाळीचा धंदा वडिलांचा, सिनेमाचं वेड स्वतःचं. त्यांनी नकाशा माझ्या टेबलावर पसरला. "बाईसाहेब, हे बघा, बाल्कनी. बाल्कनीत पंखे. खाली पण पंखे!" पंख्यांना लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक निवृत्त मास्तर उठले आणि सिनेमानं तरुण पिढी बिघडते, अशी त्यांनी हरकत घेतली. तरुण पिढीनं आरडाओरडा करून त्यांना खाली बसवलं. गिरणीत कामाला असलेला एक जण म्हणाला, "साहेब, आमाला करमणूक काय हाय हितं? लिवा, माझी हरकत न्हाय, लवकर बांदा." मी दोन्ही लिहून घेतलं. साहेब म्हणाले, "आणखी कुणी?"

मी नरसम्माला हाक मारली. ती सुताच्या पार मधोमध होती.

"मला सोडून येता येत न्हाय, हितनंच बोलते!"

साहेब क्षणभर घुटमळले. मग खुर्ची मागं सारून उठले आणि टेबल सोडून तिच्याकडे चालत गेले. मी कागद घेऊन मागं, माझ्यामागं शेठ, त्यांच्यामागं सगळी गर्दी. "बोला," साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं काय?"

तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात मोकळ्या अंगाकडून वावटळ उठली.

उन्हाळ्यातली सोलापूरची वावटळ ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. धुळीचा एक उंच खांब भिरभिरत सरळ आमच्या अंगावर आला. सूत निंबांच्या सावलीबाहेर थोडं पुढं गेलेलं होतं. त्या टोकाचा बांबू कलला, मग आडवा झाला. ओलं सूत झोळीसारखं खाली येऊ लागलं. मातीला टेकलं असतं तर सगळं घराणं ज्यासाठी राबलं होतं त्याचा चिखल झाला असता.

"धरा! धरा की!" नरसम्मा अशी ओरडली की कुणी विचार केलाच नाही. जो जिथं उभा होता त्यानं समोरचं धरलं. मौलाचाचांनी पडलेल्या बांबूला मिठी मारली. मास्तर आणि तो गिरणीवाला एकाच काठीच्या दोन टोकांना लटकले. शेठ मधे सापडले. त्यांनी दोन्ही हातांनी काठी डोक्यावर उचलून धरली आणि खळीचे ओघळ टोपीवरून कोटावर, कोटावरून धोतरावर उतरू लागले. मी धरायला धावले आणि माझे कागद उडाले. सिनेमाच्या बाजूच्या आणि विरुद्धच्या सगळ्या हरकती एकत्रच वर गेल्या. इनामदारसाहेबांच्या हाती टोकाची मोठी काठी आली होती. बुशशर्टचा रंग लाल झाला होता, चष्म्यावर धूळ बसली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वावटळ गेली. तरी कुणाला सुटका नव्हती. "आता सोडू नका," नरसम्मानं बजावलं, "वाळंपत्तुर असंच ऱ्हावा." आणि ती, तिची मुलं, सुना कुंचे घेऊन पळत सुटली.

साहेबांना मात्र सुनावणी अर्धवट राहिलेली सहन होईना. काठी छातीशी धरून ते तसेच उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हां, सांगा बाई, तुमची हरकत काय?"

"काय सांगू, सायेब?" नरसम्मा त्यांच्यासमोरून जाताना म्हणाली. "धरलंय न्हवं तुमी? सूत कुटं हालतंय नि कुटं हालत न्हाय, हाताला कळतंय की."

खरंच कळत होतं. वारा अजून अधूनमधून येत होता. मोकळ्यात ज्यांनी धरलं होतं त्यांचे हात नुसते हिसके खात होते. झाडांच्या मधे जे होते ते निवांत उभे होते, गप्पा मारत होते. गर्दीतले लोकसुद्धा एव्हाना उन्हातून सरकत सरकत सगळे निंबांखाली आले होते.

शेठ काठीखालून बराच वेळ वर झाडांकडे पाहत होते. मला वाटलं, कोट गेला म्हणून हळहळत असतील. ते म्हणाले, "साहेब, मॅटिनीचं पब्लिक मी कुठं उभं करायचं हो?"

"म्हणजे?"

"नकाशात ही झाडं तोडलीत. हितं तिकिटाची खिडकी काढलीय. एप्रिल-मेमधी दुपारच्या खेळाला मानसं उन्हात रांग लावतील व्हय? चक्कर येऊन पडतील. शिवा शिवा! मला ही पट्टी नको. पलीकडची जागा पुरती. खिडकीचं तोंड हिकडं फिरवतो."

"आणि ही पट्टी?"

"सरकारजवळच ऱ्हाऊ दे की. सकाळी ह्यांचं सूत, दुपारी माझं पब्लिक."

नरसम्मा थबकली. त्या सबंध सकाळी तिचा कुंचा तेवढा एकदाच थांबला. शेठकडे नीट पाहून ती म्हणाली, "पन तुमचं पब्लिक पान खाऊन हितं थुकनार न्हाय?"

"न्हाय थुकनार, अक्का. पाटी लावतो."

"पाटीनं काय हुतंय? मानूस लावा."

"लावतो, मानूस लावतो!" शेठ म्हणाले आणि इतक्या मोठ्यानं हसले की काठी हलली. तेव्हा ती त्यांच्यावरही ओरडली.

उडालेले कागद मुलांनी गोळा करून आणले, पण ते वाचण्यासारखे राहिले नव्हते. सगळ्यांचे जबाब मी पुन्हा निंबाखाली बसून लिहून घेतले. मास्तरांनी दुसऱ्यांदा सांगताना सिनेमाची हरकत मागं घेतली. फक्त खेळ सुरू होण्याआधी एखादं चांगलं सुभाषित दाखवावं, एवढं लिहायला लावलं.

साहेबांनी अहवाल पाठवला: झाडांची पट्टी विकू नये, पाजणीसाठी राखून ठेवावी, उरलेल्या जागेचा लिलाव करावा. आम्ही वाट पाहत बसलो. उत्तर आलं ते असं, की सदर जागेवरील घोडे यापूर्वीच हलवले असताना पाजणी कुणाची करावयाची आहे, आणि पाणी पाजण्यासाठी हौद उपलब्ध आहे काय, याचा खुलासा करावा.

शाखेत त्या दिवशी कुणी काम केलं नाही. इनामदारसाहेबांना मी पहिल्यांदाच खळखळून हसताना पाहिलं. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि खुलासा स्वतः लिहिला. त्यात सूत कसं ताणतात, खळ कशी करतात, वारा कुठून येतो, सगळं होतं. ज्या माणसानं "ते राहू द्या" म्हणून मला थांबवलं होतं, त्यानं पाजणीवर दोन पानं लिहिली होती आणि ती वाचताना हातात कुंचा धरल्यासारखं वाटत होतं. मंजुरी आली. पट्टी राहिली.

थिएटर झालं. पहिल्या मॅटिनीला शेठनी पाजणीच्या सगळ्या बायांना बाल्कनीत बसवलं, मलाही बोलावलं. पडद्यावर नायिका धाय मोकलून रडत होती, सगळं थिएटर मुसमुसत होतं, आणि माझ्या शेजारी नरसम्मा पंख्याखाली गाढ झोपली होती. पहाटेपासून राबलेली बाई. मध्यंतरात मी तिला उठवलं तर म्हणाली, "लई झ्याक हाय पिक्चर," आणि पुन्हा झोपली.

पुढं यंत्रावर खळ लावलेलं सूत तयार मिळू लागलं, हातमाग एकेक करत थांबले, आणि निंबाखाली सूत दिसेनासं झालं. त्या घरातल्या कितीतरी बाया विड्या वळायला लागल्या. याचं मला वाईट वाटतं. आणखी एका गोष्टीचं वाटतं. माझ्या हाताखालून अशा पुष्कळ जागांच्या फाइली "निरंक" होऊन वर गेल्या. त्यांतल्या कुठल्या जागेवर सकाळी कोण यायचं, हे मला कधीच कळलं नाही. सगळीकडे शेळी भेटत नाही.

पण पाजणी बंद व्हायला अजून काही वर्षं होती. इनामदारसाहेबांची बढतीवर बार्शीला बदली झाली होती, त्यांच्या जागी नवीन साहेब आले होते, तरुण आणि अगदी इस्त्रीतले. एका दुपारी शाखेच्या दारात नरसम्मा उभी. बरोबर शेळीवाली वीरम्मा आणि ती सिनेमावेडी सून. आमच्या ऑफिसची पायरी ती पहिल्यांदाच चढली होती. इकडंतिकडं न पाहता ती सरळ नव्या साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "हरकत हाय."

साहेब गोंधळले. "कशाला हरकत? कुठला जाहीरनामा?"

"जाहीरनामा न्हाय. थेटराच्या मोरीचं पानी निंबाच्या मुळाशी सोडलंय. झाडं मरतील. हरकत हाय."

"अहो, पण त्याला रीतसर लेखी अर्ज लागतो."

"त्या बाई लिवून घेतील." तिनं माझ्याकडे न बघताच हात केला. "तुमी आदी बगाया चला."

"आत्ता?"

"मग कवा? पानी आत्ता सोडलंय की."

नवे साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी कागदात डोकं घातलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मान वर केली तेव्हा साहेब त्या तिघींच्या मागून जिना उतरत होते आणि नरसम्मा पुढं चालता चालता त्यांना निंबाची मुळं कुठवर गेली आहेत ते सांगत होती.

मी कोरा कागद घेतला, चपला पायांत सरकवल्या आणि त्यांच्या मागोमाग निघाले.